काळसर मधाला कमी भाव का?

धान्य विकत घेताना आपण वाण विचारतो. तांदूळ आंबेमोहर आहे की इंद्रायणी, ज्वारी मालदांडी आहे की संकरित, हे पाहिल्यावाचून दर ठरत नाही. आंब्याच्या बाबतीत तर गाव आणि बागही विचारली जाते. मधाविषयी मात्र गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारते : "शुद्ध आहे ना?" तो कोणत्या फुलोऱ्याचा आहे, कोणत्या महिन्यात काढला, याची चौकशी करणारा विरळाच. जो कोणी मध डोळ्यांनी पारखतो तोही फिकट, सोनेरी, आरपार दिसणारा मध उत्तम समजतो व काळसर मधाला नाक मुरडतो. ही पारख चुकीची आहे आणि तिचा भुर्दंड सह्याद्रीच्या माथ्यावरील मधपाळांना वर्षानुवर्षे सोसावा लागत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या चुकीत माझाही वाटा आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे. काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील घाटमाथ्यावर माझी नेमणूक असताना, डझनभर मधपेट्या बाळगणारे एक वयोवृद्ध मधपाळ मे महिन्याच्या अखेरीस दोन डबे घेऊन आले. एका डब्यात हंगामाच्या सुरुवातीचा फिकट मध होता, दुसऱ्यात जांभळाच्या फुलोऱ्याचा गडद, किंचित तुरट चवीचा. व्यापारी गडद मधाचा दर पाडून मागत होता. मी कृषी पदवीधर. मला यातले सर्व समजते अशी माझी समजूत होती. मी म्हणालो, "आबा, दोन्ही एकत्र करा, रंग उजळेल." ते जरा थांबून म्हणाले, "साहेब, त्यो जांभळाचा मध हाय. त्याची चव मोडंल." तरीही त्यांनी माझा शब्द मानला आणि मध एकत्र केला. रंग उजळला, दरही थोडा वाढला. पण त्या दिवशी आम्ही एक ओळख असलेला माल मोडून बिनओळखीचा माल तयार केला, हे माझ्या ध्यानात यावयास आणखी दोन वर्षे जावी लागली.

यामागील शास्त्र थोडक्यात समजून घेऊ. कापलेले वांगे उघडे ठेवल्यास काळे पडते, तेल जुने झाले की खवट होते, लोखंडास गंज चढतो. या सर्व क्रिया हवेतील प्राणवायूच्या संयोगाने घडतात. त्यांस ऑक्सिडीकरण म्हणतात. आपल्या शरीरातही अन्नाचे ज्वलन चालू असताना काही अतिशय चंचल असे कण निर्माण होतात व ते पेशींतील स्निग्ध पदार्थांवर आणि प्रथिनांवर आघात करतात. या आघातास जी द्रव्ये रोध करतात त्यांना अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये, अशी संज्ञा आहे. ही द्रव्ये मुख्यतः वनस्पती तयार करतात. ऊन, कीड व रोग यांपासून बचाव करण्यासाठी त्या पाने, साली, फळे व फुले यांत फिनॉल जातीची संयुगे साठवितात. त्यांतील काही अंश फुलांतील मकरंदात व परागात उतरतो, मधमाशी तो पोळ्यात आणते आणि तेथून तो मधात येतो.

मधाचे बहुतांश वजन साखरेचे व पाण्याचेच असते. साधारण मधात फ्रुक्टोज सुमारे ३८ टक्के, ग्लुकोज सुमारे ३१ टक्के व पाणी १७ ते २० टक्के असते. आपल्या सातेरी माशीच्या मधात, विशेषतः ओलसर हवेच्या भागात, पाणी याहूनही अधिक आढळते. मग निरनिराळ्या मधांत फरक पडतो तो कशाने? उरलेल्या अल्पशा भागाने. गॅलिक, कॅफिक, फेरुलिक यांसारखी आम्ले, क्वेर्सेटिन व केम्फेरॉल यांसारखी फ्लॅव्होनॉइडे, मधमाशीच्या लाळेतून आलेली एंझाइमे व काही रंगद्रव्ये या अल्प भागात असतात. साखर सर्व मधांत जवळपास सारखीच. पण हा अल्प भाग फुलाफुलागणिक बदलतो.

हा फरक किती असू शकतो? अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ साली १४ प्रकारचे एकपुष्पी मध तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपवासाला ज्याचे पीठ आपण खातो त्या कुट्टूच्या फुलोऱ्याचा मध त्यांत सर्वांत सरस ठरला. कॅलिफोर्नियातील सेज नावाच्या झुडपाच्या फिकट मधाच्या मानाने त्याची ऑक्सिडीकरणरोधक शक्ती सुमारे २० पट भरली. सर्वसाधारणपणे मध जितका गडद तितकी ही शक्ती अधिक, असेही त्यांना आढळले. पुढे अनेक देशांतील प्रयोगशाळांनी आपापल्या मधांवर असे काम केले व रंगाचा हा संबंध बहुतेक ठिकाणी दिसून आला. याचे कारण गूढ नाही. मधाला गडदपणा देणाऱ्या द्रव्यांपैकी बरीचशी द्रव्ये हीच फिनॉल जातीची संयुगे होत. म्हणजे ज्या रंगामुळे व्यापारी दर पाडतो, तोच रंग पुष्कळदा मधाच्या अंगच्या गुणाची खूण असतो.

परंतु येथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सावध राहावयास हवे. "काळा मध तो चांगला मध" असा उलटा समज आपण पसरविला, तर एक चूक काढून दुसरी घातल्यासारखे होईल. मध काळा होण्याची कारणे अनेक आहेत. आग्या माशीचे पोळे पिलाव्यासकट पिळून काढलेला मध गढूळ व काळा असतो. त्यात धूर, मेण, अळ्यांचा रस सर्वच आलेले असते. वर्षानुवर्षे वापरलेल्या काळ्या पोळ्यातून काढलेल्या मधासही रंग चढतो. आणि चुलीवर तापविलेला मध तर हमखास काळवंडतो.

या शेवटच्या कारणाविषयी थोडे अधिक लिहिणे अगत्याचे वाटते. ऑक्सिडीकरणरोधक शक्ती मोजण्याची एक नेहमीची रीत अशी : डीपीपीएच नावाच्या द्रव्याचे जांभळे द्रावण घेतात व त्यात मोजून मध मिसळतात. द्रावणाचा जांभळा रंग जितका फिका पडेल तितकी त्या मधाची शक्ती अधिक मानतात. रीत सोपी आहे. पण मध दीर्घकाळ तापविला असता त्यातील शर्करा व नत्रयुक्त द्रव्ये यांच्या संयोगाने जे करपट तपकिरी पदार्थ बनतात, तेही हा जांभळा रंग फिका करतात. म्हणजे मध उकळून बिघडविला तरी या चाचणीचा आकडा वाढलेला दिसू शकतो! त्याच वेळी त्यातील एंझाइमे नष्ट होतात आणि एचएमएफ नावाचे द्रव्य वाढते. अन्नसुरक्षा मानकांनुसार मधात एचएमएफ किलोमागे ८० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. यास्तव केवळ एक आकडा दाखवून कोणी आपला मध श्रेष्ठ म्हणत असेल, तर त्याला एचएमएफचा आकडाही विचारावा. नुसत्या रंगावर विसंबू नये, तसेच नुसत्या एका चाचणीवरही विसंबू नये. मध कोणत्या फुलोऱ्याचा, कोणत्या पद्धतीने काढलेला व किती तापविलेला, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तरच रंगाला अर्थ येतो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. महाबळेश्वर परिसरात १९४६ पासून सातेरी माशीचे पेटीतील पालन पद्धतशीरपणे चालू आहे. येथील डोंगरात एकामागून एक फुलोरे येतात. उन्हाळ्यात गेळा, जांभूळ, हिरडा, हिवाळ्यात व्हायटी, पिसा आणि ज्या वर्षी येईल त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस कारवी. फडके यांनी १९६७ साली महाबळेश्वरच्या एकपुष्पी मधांच्या घटकांविषयी अभ्यास प्रसिद्ध केला होता. तेव्हा आपल्या मधांत फुलागणिक भेद आहे हे नव्याने शोधावयाचे नाही. ते बाजारापर्यंत पोचविण्याचे तेवढे राहून गेले आहे. २०२२ साली याच तालुक्यातील मांघर हे गाव 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. गावाचे नाव मधाला मिळाले. आता झाडाचे नाव मिळावयास हवे.

कारवीचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. ही झुडुपे सात-आठ वर्षे नुसती वाढतात, मग एका पावसाळ्याच्या अखेरीस सारा डोंगर एकदम जांभळा होतो, आणि बी धरून ती झुडुपे मरतात. मुंबईजवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ साली व त्यानंतर २०२४ साली असा फुलोरा आला. या फुलोऱ्याचा मध गडद व दाट असतो. आता कायद्यातील एक तरतूद पाहा. आपल्या देशाच्या खाद्य मानकांप्रमाणे मधात सुक्रोज, म्हणजे उसाच्या साखरेच्या जातीची शर्करा, ५ टक्क्यांहून अधिक असू नये. परंतु कार्विया कॅलोसा, म्हणजे आपल्या कारवीच्या मधासाठी ही मर्यादा १० टक्के ठेविली आहे. कारवीच्या मधात ही शर्करा स्वभावतःच अधिक असते, म्हणून ही सवलत. आता विचार करा, ज्या मधपाळाने कारवीचा मध नावाशिवाय, नुसता 'मध' म्हणून विकला, त्याचा नमुना तपासणीत ५ टक्क्यांच्या वर गेला तर काय होईल? फुलाचे नाव नसल्यामुळे प्रामाणिक मनुष्य भेसळखोर ठरेल. कायद्याने फुलाचे नाव ओळखले आहे. आपण मात्र ते डब्यावर लिहिण्याचा कंटाळा करतो.

नाव लिहावयाचे तर ते खरे असले पाहिजे, आणि खरेपणा पेटीपासून सुरू होतो. सातेरी माशी साधारणतः किलोमीटर-दीड किलोमीटरच्या टापूतच चरते, ही गोष्ट आपल्या सोयीची आहे. पेटीभोवतीच्या तेवढ्या रानात कोणता फुलोरा आहे हे मधपाळास चालता-फिरता कळते. मुख्य फुलोरा सुरू होण्यापूर्वी मधकोठीतील आधीचा मध काढून घ्यावा व मोकळी पोळी द्यावी. पावसाळ्यात वसाहत जगविण्यासाठी साखरेचा पाक द्यावा लागतो, त्यात गैर काही नाही. पण तो पाक कोठीत शिल्लक असताना मधहंगामात शिरणे म्हणजे आपल्याच हाताने भेसळ करणे होय. फुलोरा ओसरू लागला की, मेणाने निदान तीन-चतुर्थांश बंद झालेली पोळीच मधयंत्रात फिरवावीत. घाई केली तर पाणी अधिक राहते. मानकाची मर्यादा २० टक्के पाण्याची आहे, व तिच्या वर मध आंबू लागण्याचा धोका असतो. मध आम्लधर्मी असल्यामुळे तो पितळी अथवा जस्ताच्या भांड्यात ठेवू नये. काच, स्टेनलेस स्टील अथवा खाद्यपदार्थांसाठी असलेले प्लास्टिक वापरावे. प्रत्येक फुलोऱ्याचा डबा निराळा ठेवून त्यावर गाव, तारीख व फूल लिहून ठेवावे.

जांभूळ व हिरडा यांचे फुलोरे पुष्कळ ठिकाणी एकात एक मिसळतात. अशा वेळी 'जांभूळ-हिरडा' असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. मधातील परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजून फूल ओळखता येते. एका वनस्पतीचे परागकण ४५ टक्क्यांहून अधिक असले तर तो मध एकपुष्पी मानण्याचा दंडक आहे. एकट्या मधपाळास ही तपासणी करविणे परवडणारे नाही. म्हणून गावाने किंवा सहकारी संस्थेने प्रत्येक फुलोऱ्याचा एकच एकत्रित नमुना पाठवावा, आणि त्याचा खर्च माल विकणाऱ्या संस्थेने उचलावा असे मला वाटते. मधपेट्यांच्या वाटपाचे आकडे आपण उत्साहाने कळवितो; तितक्याच उत्साहाने नमुने पाठविले असते तर आज चित्र निराळे दिसले असते.

नावाला किती मोल येते हे पाहावयाचे असेल तर न्यूझीलंडकडे पाहावे. तेथील मानुका झुडपाचा मध जगभर चढ्या दराने जातो. त्या नावाखाली भलताच मध खपू लागला, तेव्हा तेथील सरकारने २०१८ साली निर्यातीसाठी मानुका मधाची व्याख्याच बांधून दिली. ठराविक चार रासायनिक द्रव्ये व मानुकाच्या परागातील डीएनएची खूण सापडल्यावाचून ते नाव लावता येत नाही. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी की, मानुकाची कीर्ती त्यातील मिथिलग्लायॉक्झल या जंतुनाशक द्रव्यामुळे आहे. जंतुनाशक गुण आणि ऑक्सिडीकरणरोधक गुण हे दोन निरनिराळे गुण होत. आपल्याकडील जाहिरातींत यांची सर्रास खिचडी केलेली आढळते.

जाहिरातींचा विषय निघालाच आहे, तर मधपाळ बंधूंना एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. जांभळाचा मध मधुमेहावर औषध म्हणून विकण्याची टूम अलीकडे निघाली आहे. जांभळाच्या बियांविषयी वैद्यकात जे सांगितले जाते ते जांभळाच्या फुलातील मकरंदास लागू करण्यास काही आधार नाही. जांभळाचा झाला तरी तो मधच; त्यात साखर भरपूर आहे, व मधुमेही मनुष्याने तो वैद्याच्या सल्ल्यावाचून खाऊ नये. तसेच एक वर्षाच्या आतील बालकास कोणताही मध चाटवू नये. त्यातील विशिष्ट जंतूंच्या बीजाणूंमुळे बालकास गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळगुटीबरोबर मध देण्याची आपल्याकडे चाल आहे, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यांचा लाभही मापातच सांगावा. अमेरिकेतील एका प्रयोगात २५ निरोगी पुरुषांना कुट्टूचा मध पाण्यातून दिला असता त्यांच्या रक्तातील ऑक्सिडीकरणरोधक शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. ही वाढ खरी आहे, पण ती थोड्या वेळापुरती मोजलेली आहे आणि दिलेला मध चमचाभर नव्हता. आपल्या परसातील एक आवळा किंवा पेरू या बाबतीत चमचाभर मधापेक्षा कितीतरी अधिक देऊन जातो. साखरेच्या जागी मध, आणि त्यातही फिकट मधाच्या जागी गडद मध घेतला, तर तेवढाच अधिक लाभ, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते. इतके म्हटले तरी पुरेसे आहे. आंबेमोहर तांदळाने रोग बरा होतो म्हणून का आपण त्याला अधिक पैसे मोजतो?

२०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या एका संस्थेने बाजारातील १३ नाममुद्रांचे मध तपासून त्यांपैकी बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचे जाहीर केले, तेव्हापासून शहरातील गिऱ्हाईक बिथरले आहे. घरगुती कसोट्यांना ऊत आला आहे. मधाचा थेंब पाण्यात टाकणे, काडी बुडवून पेटविणे वगैरे. या कसोट्यांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. मोहरीचा किंवा सूर्यफुलाचा मध थिजून रवाळ झाला की, "यात साखर आहे" म्हणून तो परत येतो. वस्तुतः या फुलांच्या मधात ग्लुकोज अधिक असल्याने तो लवकर थिजतो, एवढेच. बिथरलेल्या गिऱ्हाइकाला समजावण्याचा मार्ग एकच आहे. त्याला गाव दाखवावे, झाड दाखवावे, निरनिराळ्या फुलोऱ्यांचे मध शेजारी शेजारी ठेवून चाखू द्यावे. चरकसंहितेत मधाचे माक्षिक, भ्रामर, क्षौद्र व पैत्तिक असे चार प्रकार माशीवरून केले आहेत. मध हा एकजिनसी पदार्थ नव्हे, हे जाणणाऱ्या परंपरेतले आपण. तेव्हा फुलावरून प्रकार करणे आपणास जड जाऊ नये.

आणखी एक बाजू आहे. घाटमाथ्यावरील जांभूळ व हिरडा ही झाडे आज तोडली जातात ती सरपणासाठी व लाकडासाठी. तोडणाऱ्यास एकदाच पैसे मिळतात. जांभळाच्या मधाला जांभळाच्या नावाने दर मिळाला, तर उभ्या झाडाची किंमत मालकाला दर उन्हाळ्यात दिसेल. सभेत वृक्षसंवर्धनावर भाषण करण्यापेक्षा हा हिशेब मांडणे मला अधिक परिणामकारक वाटते.

ज्यांचा मध मी एकत्र करावयास लावला, त्या आबांकडे गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो. या वेळी जांभळाचा डबा निराळा होता; त्यावर त्यांच्या नातीने शाळेच्या वहीचा कागद चिकटवून फुलाचे नाव, गाव व काढल्याची तारीख लिहिली होती. व्यापाऱ्याने दर अद्याप वाढविलेला नाही. चार बाटल्या मात्र पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने फिकट मधाच्याच दराने नेल्या, आणि पुढच्या वर्षी जांभळाचाच मध हवा असे सांगून ठेवले आहे.